लेझरने खडा फुटतो, मग मूत्रवाहिनी का भाजत नाही?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सिल्वासाच्या एका सूत कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळीत त्याच्या डाव्या कुशीत एकाएकी कळा सुरू झाल्या. तपासणीत मूत्रवाहिनीत ८ मिलिमीटरचा खडा अडकल्याचे निघाले. काही आठवडे औषधे घेऊनही तो उतरला नाही, तेव्हा डॉक्टरांनी लेझरने फोडू या असे सांगितले. आता दुखायचे थांबले आहे, म्हणून भाऊ म्हणतो की खडा पडून गेला असणार. आई म्हणते, हुलग्याचे कढण आणि पाषाणभेद चालू ठेव, आपोआप विरघळेल. मला मात्र वेगळीच शंका आहे. लेझरचा किरण पोटातून आरपार जात असेल तर कातडी, आतडी भाजणार नाहीत का? आणि दगड फोडणारा किरण त्या नाजूक नळीला सोडतो कसा?
— एक वाचक, सिल्वासा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मोठे सुरेख आहे. पण त्याआधी भावाचे म्हणणे निकालात काढायला हवे, कारण तिथे वेळ घालवण्यात धोका आहे.

मूतखड्याची कळ खडा टोचल्यामुळे येते असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ती कळ मुख्यतः दाबाची असते. खडा वाट अडवतो, वरून मूत्र येतच राहते, मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीचा वरचा भाग फुगतो आणि त्या ताणामुळे माणूस गडबडा लोळतो. वाट बंदच राहिली तर काही काळाने शरीर जुळवून घेते. त्या बाजूच्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते, मूत्रही कमी तयार होते, दाब उतरतो आणि दुखणे थांबते. खडा मात्र जागच्या जागी असतो. दुसरे मूत्रपिंड धडधाकट असल्यामुळे लघवी नेहमीसारखी होत राहते, म्हणून संशयही येत नाही. वाट पूर्ण बंद राहिली तर काही आठवड्यांत त्या मूत्रपिंडाची कायमची हानी सुरू होऊ शकते. तेव्हा खडा पडताना प्रत्यक्ष दिसला नसेल, तर तो पडला असे धरून चालू नका. पुन्हा तपासणी करून घ्या. नुसत्या सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा पुष्कळदा दिसत नाही, कारण आतड्यांतला वायू आड येतो. यूरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेतही उमटत नाही. औषध न टोचता काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये जवळजवळ सगळेच खडे दिसतात.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाला की तो रक्तात पसरायला वेळ लागत नाही. अशा वेळी डॉक्टर खडा फोडतही नाहीत. आधी बारीक नळी घालून तुंबलेले मूत्र मोकळे करतात, प्रतिजैविके देतात, आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर खड्याकडे वळतात. नातेवाईक तेव्हा ‘आलोच आहोत तर आजच खडा काढा’ असा आग्रह धरतात. तो धरू नये.

आता ८ मिलिमीटर या आकड्याविषयी. मूत्रवाहिनी म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत येणारी २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंदीची स्नायूची नळी. ती तीन ठिकाणी आणखी अरुंद असते : मूत्रपिंडातून निघते तिथे, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ओलांडते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडे बहुधा याच तीन जागी अडकतात. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे साधारण तिघांपैकी दोघांचे आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरचे जेमतेम निम्म्यांचे पडतात. नळीचा खालचा भाग सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या काही आठवडे देऊन पाहतात, त्या या दुसऱ्या गटासाठीच. तुमच्या भावाला ती संधी दिली गेली आणि खडा हलला नाही. म्हणजे डॉक्टरांनी लेझरची घाई केली असे म्हणता येणार नाही.

तर आता लेझर. किरण पोटातून आरपार जात नाही. तो बाहेरून येतच नाही, आणि आणला असता तर कातडीतच संपून गेला असता. हा गैरसमज बहुधा दुसऱ्या एका उपचारामुळे रूढ झाला असावा. त्या उपचारात खडा खरोखरच बाहेरून फोडतात, पण प्रकाशाने नव्हे, आघातलहरींनी. जर्मनीत डॉर्निए या विमाने बनवणाऱ्या कंपनीत, अतिवेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून काय नुकसान होते याचा अभ्यास चालू होता. त्यातून आघातलहरींचा हा उपयोग पुढे आला आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये क्रिस्तियान शॉसी यांनी पहिल्यांदा एका रुग्णाचा खडा असा फोडला. सुरुवातीच्या काळात रुग्णाला पाण्याने भरलेल्या टबात बसवत. आता एका गादीवर भागते. हा उपचार आजही चालतो, विशेषतः मूत्रपिंडातल्या मध्यम आकाराच्या, फारशा कठीण नसलेल्या खड्यांसाठी. मूत्रवाहिनीतल्या खड्यांवर तो लेझरइतका हमखास लागू पडत नाही.

लेझर आत पोचतो तो शरीराच्या मूळच्या वाटेने. कमरेतून किंवा पूर्ण भूल देतात. लघवीच्या वाटेने एक लांब, बारीक दुर्बीण मूत्राशयात आणि तिथून मूत्रवाहिनीच्या तोंडातून वर नेतात. तिची जाडी साधारण अडीच-तीन मिलिमीटर. पोटावर छेद नाही, टाका नाही. आज हे सरळ वाटते, पण या नळीपर्यंत माणसाचा हात फार उशिरा पोचला. सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन आहे आणि धोका इतका मोठा, की आधी राजाची परवानगी घ्यावी असेही सांगितले आहे. पण ती शस्त्रक्रिया मूत्राशयातल्या खड्याची होती. मूत्रवाहिनीत पाहण्याचा पहिला प्रसंग १९१२ चा. ह्यू हॅम्प्टन यंग या अमेरिकी शल्यविशारदाने एका बालरुग्णाच्या, आजाराने अतोनात फुगलेल्या मूत्रवाहिनीत मूत्राशयाचीच दुर्बीण घातली होती. खास मूत्रवाहिनीसाठी मूत्रपिंडापर्यंत पोचणारी लांब दुर्बीण १९८० साली माद्रिदच्या एन्रिके पेरेझ-कास्त्रो यांनी वापरात आणली. आता वळणारी, टोक दुमडून मूत्रपिंडाच्या कोपऱ्यात डोकावणारी दुर्बीणही मिळते.

दुर्बिणीच्या आत एक पोकळ वाट असते. त्यातून काचेचा तंतू पुढे सरकवतात. त्याची गाभ्याची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. पडद्यावर डॉक्टरांना गुलाबी भिंत दिसते, मध्ये पिवळट-तपकिरी खडा दिसतो आणि तंतूच्या टोकातून खड्यावर पडलेला एक रंगीत ठिपका दिसतो. हा ठिपका फक्त नेम धरण्यासाठी. काम करणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही. बहुतेक ठिकाणी वापरतात तो होल्मियम लेझर २१०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि आपल्या डोळ्यांची धाव ७०० च्या आसपास संपते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच २१०० मध्ये आहे. या तरंगलांबीचा प्रकाश पाणी अतिशय जोमाने शोषून घेते. इतक्या जोमाने, की तंतूच्या टोकापासून साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतच त्याची ताकद संपते. आणि शस्त्रक्रिया चालू असताना ती सगळी जागा सलाइनने भरलेली असते, ते सतत वाहत असते. पुढे काय होते ते क्रमाने पाहा. डॉक्टर पायाखालची कळ दाबतात. एक स्पंद सुटतो, तो टिकतो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या तीन-चार पट एवढाच वेळ. टोकापुढच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन बुडबुडा तयार होतो. त्या बुडबुड्यातून उरलेला प्रकाश टोकाला चिकटून असलेल्या खड्यावर पोचतो. खड्याचा तेवढाच ठिपका तापतो, खड्याच्या फटींत मुरलेले पाणीही उकळते, आणि खडा तिथून तुटतो. टोक खड्याला टेकलेले असेल तर किरण खड्यावर. ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर दूर गेले तर किरण पाण्यात. भिंतीला वाचवणारी वस्तू म्हणजे हे मधले पाणी.

म्हणजे किरण दगड ओळखतो आणि मांस सोडतो, असे काही नाही. हे नीट ध्यानात घ्या, कारण जाहिरातींतून नेमका तसाच ग्रह होतो. टोक भिंतीला टेकवून कळ दाबली तर भिंत भाजेल, भोकही पडेल. ही तरंगलांबी मऊ पेशीही सहज कापते आणि पुरुषांतल्या वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेसाठी तोच लेझर वापरतात. सुरक्षितता येते ती तीन गोष्टींमुळे : मधले पाणी, डॉक्टरांचा स्थिर हात आणि समोरचे स्वच्छ दिसणे. खड्याची धूळ उडून पडदा गढूळ झाला की अनुभवी डॉक्टर पाय कळेवरून उचलतात, सलाइनने सगळे धुऊन निघेपर्यंत थांबतात, आणि मगच पुढचा स्पंद सोडतात. वाहते सलाइन दुसरेही काम करते : साचलेली उष्णता बाहेर नेते. प्रवाह अडला आणि जास्त शक्तीचा लेझर चालूच राहिला, तर आतले पाणी पेशींना सोसणार नाही इतके तापू शकते.

लेझरचा शोध १९६० चा. अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला किरण मिळवला. पण दगड फोडता येईल आणि नळी वाचेल असा लेझर हाती यायला आणखी तीन दशके लागली. आधी ५०४ नॅनोमीटरचा हिरवट किरण देणारा रंगद्रव्याचा लेझर आला. त्याला काही कठीण खडे दाद देत नसत. १९९० च्या दशकात होल्मियम आला आणि तो सगळ्याच प्रकारचे खडे फोडू लागला. अलीकडे थुलियम तंतू-लेझरही आला आहे. त्याची तरंगलांबी १९४० नॅनोमीटर, पाण्यात तो आणखी जोमाने शोषला जातो आणि त्याची धूळ अधिक बारीक होते. म्हणून होल्मियम जुना, टाकाऊ झाला असे समजू नका. ८ मिलिमीटरच्या खड्याला दोन्ही पुरतात. ‘कोणते मशीन आहे’ यापेक्षा ‘हे काम तुम्ही नेहमी करता का’ हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे.

फोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत कमी वेळा पण जोराचे स्पंद देऊन खड्याचे तुकडे करतात आणि ते बारीक तारेच्या टोपलीत धरून बाहेर ओढतात. दुसरीत हलके पण झपझप स्पंद देतात आणि खडू फळ्यावर झिजावा तसा खडा पृष्ठभागापासून झिजवत नेतात. ती धूळ लघवीवाटे निघून जाते. कधीकधी स्पंदाच्या धक्क्याने खडा वर मूत्रपिंडात सरकतो. तसे झाले तर वळणारी दुर्बीण लागते, किंवा दुसरी बैठक.

इथे एका गैरसमजाची गाठ सोडवू या. काही जणांची मूत्रवाहिनी मुळातच इतकी अरुंद असते की दुर्बीण वर जात नाही. शहाणा डॉक्टर तेव्हा जोर करत नाही. आत एक स्टेंट ठेवून एक-दोन आठवड्यांनी परत बोलावतो. तेवढ्या दिवसांत नळी सैलावते. ‘ऑपरेशन फसले’ अशी कुजबुज घरात सुरू होते ती याच वेळी. जोर करून नळी फाडली असती तर त्याला फसणे म्हणता आले असते.

स्टेंट म्हणजे दोन्ही टोकांना वळण असलेली मऊ, पोकळ नळी. एक वळण मूत्रपिंडात राहते, दुसरे मूत्राशयात. खडा फोडल्यावर नळीची भिंत सुजते. त्या सुजेने पुन्हा वाट अडू नये म्हणून तो ठेवतात, अर्थात प्रत्येकाला लागतोच असे नाही. तो असेपर्यंत वारंवार लघवी लागणे, लघवी करताना कुशीत कळ जाणे, अधूनमधून लघवी लालसर होणे हे घडू शकते. घाबरू नये, ताप आला तर मात्र लगेच दवाखाना गाठावा. खरी काळजी वेगळीच आहे : स्टेंट काढायचा राहून जाणे. दुसऱ्या गावी नोकरीला असलेली माणसे बरे वाटले की विसरतात, बदली होते, कागद हरवतो. कित्येक महिन्यांनी त्या स्टेंटवरच क्षार जमून नवा दगड तयार झालेला असतो आणि मग तो काढणे पहिल्या शस्त्रक्रियेहून अवघड जाते. काढण्याची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या आणि तुमच्या घरच्या कॅलेंडरवरही लिहा, फक्त भावाच्या भरवशावर राहू नका.

आता आईंचे कढण. हुलगे पौष्टिक आहेत, कढण प्यायल्याने पोटात पाणी जाते, त्याला कोणाची ना नाही. पण आपल्याकडचे बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते पोटात घेतलेल्या कोणत्याही औषधाने, काढ्याने विरघळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. यूरिक आम्लाचा खडा मात्र लघवी अल्कधर्मी करणाऱ्या औषधांनी खरोखर विरघळू शकतो. एखाद्याचा लहान खडा काढा चालू असताना पडतो आणि श्रेय काढ्याला मिळते. तो खडा बहुधा पडणारच होता. आईंना दुखवू नका, खडा निघाल्यावर कढण खुशाल चालू द्या. त्याच्या भरवशावर तारीख पुढे ढकलू नका, एवढेच.

सिल्वासात बिअरचा सल्लाही हमखास मिळतो, कारण शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आणि इथे नाही. वाट बंद असताना बिअर असो वा बळेबळे प्यायलेले चार तांबे पाणी, खडा त्याने ढकलला जात नाही. वरचा दाब तेवढा वाढतो आणि कळ बळावते.

हा उपचार कुठे करावा असे तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. कळ असह्य झाली किंवा ताप भरला तर लांबचे नामांकित ठिकाण शोधत बसू नका. सिल्वासातच विनोबा भावे यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे आणि मार्च २०२५ मध्ये नमो रुग्णालयाचेही उद्घाटन झाले आहे, तिथे आधी जा. ठरवून करायच्या लेझरसाठी मूत्रविकारतज्ज्ञ जिथे नियमित असतात ते रुग्णालय निवडा. गुंतागुंत असेल तर गुजरातेत नडियादला १९७८ पासून केवळ मूत्रपिंड व मूत्रमार्गाच्या विकारांना वाहिलेले मूळजीभाई पटेल रुग्णालय आहे. आयुष्मान कार्ड असेल तर ते सोबत न्या. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण मंजुरी भरतीच्या वेळीच विचारून घ्यावी लागते.

सगळ्यात मोठे काम खडा निघाल्यावर सुरू होते. एकदा खडा झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना पुढच्या दहा वर्षांत पुन्हा होतो. तुमचा भाऊ सुताच्या कारखान्यात आहे. तापवून पीळ देणाऱ्या यंत्रांच्या रांगेत उभ्या माणसाचा घाम अखंड गळतो. घामावाटे पाणी गेले की मूत्रपिंड पाणी राखून ठेवते, लघवी थोडी आणि दाट होते, आणि दाट लघवीत क्षारांचे स्फटिक बनतात. भरीला यंत्र सोडून लघवीला जावे लागेल म्हणून पाळीभर पाणीच न पिणे. इथल्या बोअरच्या जड पाण्याला सगळे दोष देतात, पण खड्याच्या बाबतीत पाणी किती पितो हे पाणी कसले पितो याच्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी पहिला खडा झालेल्या रुग्णांचे दोन गट पाच वर्षे पाहिले आणि निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध केले. भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, तसा सल्ला न दिलेल्या १०० पैकी २७ जणांना. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यायचे असते. उष्णतेत काम करणाऱ्याला त्यासाठी तीन-साडेतीन लिटरही अपुरे पडू शकते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. आणि पाळीच्या निरीक्षकाशी तुम्ही स्वतः बोला. कामगाराला पाणी प्यायला आणि लघवीला सोडणे ही काही मेहेरबानी नव्हे.

दूध मात्र बंद करू नका. कॅल्शियमचा खडा म्हणून दूध-दही तोडणे हा फार पसरलेला आणि उलटा सल्ला आहे. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. ते मिळाले नाही तर ऑक्झलेट मोकळे होऊन रक्तात आणि तिथून लघवीत उतरते. त्याच इटालियन गटाने १२० पुरुषांवर याचा पडताळा घेतला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना. म्हणजे आवर घालायचा तो लोणचे, पापड, फरसाणाला. टोमॅटोवर उगाच आळ आहे, पालकावरचा खरा आहे. लिंबातले सायट्रेट खडा बनू देत नाही, तेव्हा लिंबूपाणी चांगले, फक्त त्यात मीठ बेताने.

शेवटी एक विनंती ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना करा : खड्याचा एखादा तुकडा बाजूला काढून तपासणीसाठी द्यावा. पूर्ण धूळ केली तर हाती काहीच लागत नाही. तुकडा मिळाल्यास कोरड्या डबीत ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. खडा यूरिक आम्लाचा निघाला तर पुढच्या वेळी लेझरची गरज पडण्याआधी गोळ्यांवरच काम भागू शकते. कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला आणि पुन्हा झाला, तर चोवीस तासांची लघवी साठवून तपासतात आणि कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट यांपैकी कोणाचे प्रमाण बिघडले आहे ते पाहून औषध ठरवतात.